तहाचे गाव, पानाचा बाजार

30 डिसेंबर 1803 या एका तारखेने अंजनगाव सुर्जी इतिहासाच्या पुस्तकात शिरले आणि तिथेच अडकून पडले. 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई हातची गेली, 15 डिसेंबरला गाविलगड पडला, 17 तारखेला नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. मग दौलतराव शिंद्यांच्या वकिलांना इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीपुढे तहाला बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. गंगा-यमुनेचा दुआब गेला, अहमदनगरचा किल्ला गेला आणि भडोचही गेले. दिल्ली-आग्र्याच्या गोष्टीपुढे हे शेवटचे नाव आपण घाईने वाचून सोडतो. वास्तविक भडोच हे नर्मदेच्या मुखाजवळचे, कापसाच्या व्यापारावर पोसलेले बंदर. समुद्रापासून इतक्या दूरच्या वऱ्हाडी गावात एका बंदराचा मालक बदलला! पुढच्या शतकात बंदराच्या व्यापाराने वऱ्हाडातली अनेक बाजारगावे आपल्या सोयीने घडवली. अंजनगाव मात्र त्या साच्यात पुरते कधी बसले नाही. इथले धंदे गोड्या पाण्याने, सावलीने आणि सातपुड्याच्या शेजाराने ठरवले. म्हणून या गावाची ओळख तहापासून सुरू करणे मला उलटे वाटते. ती पानमळ्यापासून सुरू व्हायला हवी.

बंदराने गाव घडवणे म्हणजे काय, ते पाहायचे तर खामगाव किंवा अमरावतीकडे पाहावे. वऱ्हाडचा कापूस एके काळी बैलांच्या पाठीवर गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. 1825-26 च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने पाचशे बैलांवर कापूस लादून तो मुंबईला धाडला आणि वाट पश्चिमेकडे वळली. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. 1861 ते 65 च्या अमेरिकन यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची गरज भासली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, त्यापाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीचा. सुएझचा कालवा 1869 चा, मुंबई-लंडन तारेची जोड 1870 ची. एवढी जुळवाजुळव झाल्यावर त्या गावांत कोण कामाला लागले? अडत्ये, दलाल, मापारी, हमाल, जिन-प्रेसचे फिटर, तारमास्तर, विदेशी पेढ्यांचे गुमास्ते. सरकीपासून रुई वेगळी करायची, दाबून गाठी बांधायच्या, गाडीत घालायच्या. भाव ठरायचा समुद्रापलीकडे. ही गावे समुद्रकाठी नव्हती, पण कुलाब्याच्या कापूसपेठेचीच ती मागची दारे होती. बाजारात लबाडी इतकी वाढली की 1897 मध्ये वऱ्हाडाच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आजच्या बाजार समित्यांचे मूळ त्या कायद्यात सापडते.

अंजनगाव त्या वेळी रेल्वेपासून दूर होते, आणि त्याची घडण तर आणखी वेगळी. शहानूर नदी मेळघाटाच्या डोंगरातून उतरते. तिच्या एका अंगाला अंजनगाव, दुसऱ्या अंगाला सुर्जी. दक्षिणेला दर्यापूरकडे सरकले की पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. तिथे विहीर खणली तरी पाणी मचूळ निघते, कोरडवाहू कापूस-ज्वारीवर भागवावे लागते. डोंगराच्या पायथ्याचे पाणी गोड. नागवेलीला हेच पाणी हवे, आणि तेही वेळच्या वेळी. वऱ्हाडातल्या मे महिन्याच्या झळांत पान टिकवायचे तर मळ्यात वेगळी हवाच तयार करावी लागते. शेवरी, पांगारा, हादगा लावून सावली धरायची, कडेने वारा अडवायचा, वेल आधाराला हलक्या हाताने बांधायची, वाढली की उतरवून पुन्हा मातीत घालायची. पान खुडताना नखाने देठ तुटला पाहिजे, पात्याला ओरखडा नको. डागाळलेले पान बाजारात निवडून बाजूला पडते. बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हे कसब सांभाळले, आणि नागपंचमीला वेलीची पूजा करण्याची रीतही. त्याच सावलीत पानपिंपरी वाढते. ही मिऱ्याच्या कुळातली वेल. हिचे लांबट फळ पुरते पिकण्याआधी खुडून उन्हात वाळवतात, की ते काळपट आणि तिखट होते. सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूतली पिंपळी ती हीच. फळ एकेक करून हाताने खुडावे लागते, त्यामुळे एवढ्याशा मळ्यालाही मजूर भरपूर लागतात. महाराष्ट्रात हे पीक ज्या थोड्या भागांत टिकून आहे, त्यांत अंजनगाव-अकोट पट्ट्याचे नाव पहिल्यांदा निघते.

आता आक्षेप. पहिला असा की, बंदरापासून दूर राहिल्याने धंदे वाचले असतील, तर इथले विणकाम का वाचले नाही? जुन्या नोंदी अंजनगावच्या कापडाची आणि बुरूडकामाचीही दखल घेतात. टोपल्यांचे काम तगले, माग मात्र मागे पडले. आक्षेप रास्त आहे, आणि त्याने माझे विधान नेमके होते. नुसते दूर असणे कोणाला वाचवत नाही. मुंबईच्या गिरणीतले सूत आणि कापड गाठीत बांधून, बैलगाडीवर टाकून, रेल्वेविना कुठल्याही आठवडी बाजारात पोचवता येत होते. विणकराला त्याच्या ओट्यावर हरवायला आगगाडी लागत नव्हती. हिरवे पान तसे येत नाही. ते चार दिवसांत पिवळे पडते, म्हणून मळा गिऱ्हाइकापासून फार लांब ठेवता येत नाही. टोपलीला लागणारा बांबू मेळघाटातला, आणि खुडलेली पाने भरायला टोपली लागणारच. बुरूडाचे गिऱ्हाईक असे शेजारच्या मळ्यातच होते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. अंजनगावच्या शिवारात कापूस काय पिकत नव्हता? पिकत होता, आजही पिकतो. शिवाय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रूळांची गाडी अंजनगाववरून गेलीच. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने ती मुख्यतः कापूस मुख्य लाइनीपर्यंत आणण्यासाठी घातली; पुढे लोकांनी तिला शकुंतला म्हटले. म्हणजे बंदर उशिरा का होईना, गावात आलेच, हे मान्य. पण दिशा पाहावी. खामगावात रेल्वेच्या मागोमाग बाजार वाढला. अंजनगावात बाजार आधीच उभा होता, रेल्वेला त्यात जागा करून घ्यावी लागली. मॅंचेस्टरमध्ये 1921 साली बांधलेले इंजिन 1994 पर्यंत त्या रूळांवर धापा टाकत होते. आज त्या मार्गावरची गाडी बंद आहे आणि शेतमाल मोटारीने जातो.

सुर्जीच्या देवनाथ मठाचा संबंधही इथे येतो, जरी तो व्यापाराचा नव्हे. तह झाला तेव्हा देवनाथ महाराज हयात होते आणि सुर्जीचा त्यांचा नाथपंथी मठ आजही चालू आहे. दर्शनाला येणाऱ्या माणसाला विडा, फुले, प्रसाद लागतो. कापसाच्या भावाशी या मागणीचा काही संबंध नाही, म्हणून मंदीच्या वर्षीही ती पुरती आटत नाही. तिचे मोल वाढवून सांगायचे कारण नाही. मळ्यांची मोठी विक्री बाहेरगावी होते. आणि तिथेच खरी अडचण आहे. पान खाणारे घटले, गुटख्याची पुडी आली, मजुरी वाढली, विहिरी खोल गेल्या. या गावाला परवडेल असा पानमळ्याचा पाण्याचा हिशेब कोणी मांडला, तर 1803 च्या कलमांपेक्षा तो इथे जास्त वाचला जाईल.