बदलत्या शिफारशी व गावचा माहिती-फलक

शेतीविषयक माहिती दोन प्रकारची असते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकी खाते, ही गोष्ट दहा वर्षांपूर्वी खरी होती व आजही आहे. तिच्यावर कोणते औषध किती प्रमाणात फवारावे, हे मात्र कायम राहत नाही. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. फोरेटचा वापर २०२० च्या अखेरीपासून बंद झाला. अशी नावे एखाद्या भिंतीवर तैलरंगाने रंगविलेली असली, तर बंदीनंतरही ती भिंत तोच सल्ला देत राहते. फवारणीच्या औषधांशी तर जिवाचा संबंध आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही.

यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्याने फलकाचे दोन भाग करावेत. किडीची ओळख, तिचा जीवनक्रम, कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास उपाय योजावा हा निकष, असा मजकूर रंगाने लिहिण्यास हरकत नाही. औषधाचे नाव, मात्रा, बाजारभाव व हवामान खडूनेच लिहावे. खडूच्या प्रत्येक नोंदीखाली तारीख, माहिती कोठून आली ते व ती केव्हापर्यंत लागू आहे, एवढे असलेच पाहिजे. हवामानाधारित कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो व त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. मागील आठवड्याचा सल्ला फलकावर ठेवण्यापेक्षा जागा कोरी ठेवलेली बरी.

औषधाच्या नावापुढे त्याची तीव्रता लिहिण्याचे पुष्कळदा राहून जाते. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के द्रवरूपात मिळते, तसेच ७० टक्के दाणेदार रूपातही मिळते. नुसते नाव वाचून एकाची मात्रा दुसऱ्यास लावणे धोक्याचे आहे. फलक व डब्यावरील लेबल यांत फरक आढळल्यास औषध पंपात न घालता आधी विचारणा करावी.

खरी अडचण येते ती एकच शिफारस अनेक ठिकाणी पसरल्याने. फलक, हस्तपत्रक, कृषी सेवा केंद्रातील तक्ता, भ्रमणध्वनीवरील संदेश यांपैकी एक दुरुस्त होतो व बाकीचे तसेच राहतात. याकरिता एक वही ठेवून कोणती शिफारस कोठे कोठे दिली, ते नोंदवावे. शिफारस बदलताच त्या यादीप्रमाणे फिरून जुना मजकूर पुसावा. केवळ नवा मजकूर शेजारी लिहिल्यास वाचणाऱ्यास दोन्ही खरे वाटतात. ज्यांनी जुना सल्ला ऐकून औषध आणून ठेवले असेल, त्यांच्यासाठी ‘पूर्वी सांगितलेले अमुक औषध आता वापरू नये’ असे स्पष्ट शब्दांत लिहावे.

भ्रमणध्वनीवरील जुने संदेश दर हंगामात पुन्हा फिरू लागतात. म्हणून तारीख संदेशाच्या मजकुरातच, व चित्र पाठवावयाचे असल्यास त्या चित्रावरच, ठळक अक्षरांत घालावी.