कालवं काढताना डबक्यातही बघा

अमावास्या-पौर्णिमेला सुकती लांबवर जाते आणि आपण कालवं काढायला कातळावर उतरतो. तेव्हा डबक्यात बोटाच्या पेराएवढा, मऊ, रंगीत जीव सरपटताना दिसतो. आमच्या गटात त्याला सगळ्या ‘जळू’ म्हणत. पण ती आहे समुद्री गोगलगाय, कालवांच्याच गणगोतातली. लहानपणी तिला कवच असतं, मग गळून पडतं.

ओळखायची कशी? डोक्यावर दोन शिंगं असतात, त्यांनी ती वास घेते. पुष्कळ जातींच्या पाठीवर फुलासारखा झुबका असतो, ते तिचे कल्ले. हातात घेतलीत तर नुसता चिकट गोळा! म्हणून पाण्यातच बघा. जवळ दगडाला गुंडाळलेली फीत चिकटलेली दिसली, तर ती बहुधा तिची अंडी. काही जाती डंखवाले जीव खातात आणि तोच डंख स्वतःच्या रक्षणासाठी अंगात साठवतात. म्हणजे आयतं हत्यार!

खरी भीती शंकूच्या आकाराच्या नक्षीदार शंखाची. माझ्या मुलाने असाच एक खिशातून आणला होता. रिकामा निघाला म्हणून बरं. आत जीव असेल तर तो विषारी दात टोचतो. काही जातींचं विष जिवावर बेततं आणि त्यावर उताऱ्याचं औषध नाही. टोचलाच, तर तो हात-पाय हलू न देता लगेच दवाखाना गाठा.

आणि उलटलेला दगड होता तसाच ठेवा. खालची अंडी उन्हात वाळून जातात.