हौशी रेडिओची पहिली परीक्षा

खिशात मोबाइल असताना ही परीक्षा कशाला? हौशी रेडिओच्या परवान्यासाठी अभ्यासाला बसल्यापासून हा प्रश्न मला घरीदारी विचारला जातो. उत्तर म्हणून मी २६ डिसेंबर २००४ चा दिवस सांगतो. त्सुनामीने अंदमान-निकोबारमधले दळणवळण कोलमडले, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हौशी रेडिओचालक सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. त्यांनी आपल्या संचांवरून लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे पोहोचवले. मोबाइलला मनोरा, केबल आणि वीज लागते. हौशी संच मात्र मोटारीच्या बॅटरीवर चालतो आणि थेट दुसऱ्या संचाशी बोलतो.

आपल्याकडे या परीक्षेची पहिली पायरी म्हणजे रिस्ट्रिक्टेड श्रेणी. तिला मोर्सची कटकट-कडकट्ट लागत नाही. अभ्यासाचे भाग दोन : रेडिओचे तंत्र आणि नियम.

मी वाणिज्य शाखेचा, त्यामुळे ओमचा नियम शाळेनंतर आताच भेटला. पण तो पाठ करण्यापेक्षा वापरून पाहिला की पक्का बसतो. १२ व्होल्टची बॅटरी संचाला २० अँपिअर प्रवाह देत असेल, तर शक्ती होते २४० वॉट. एवढा प्रवाह बारीक तारेतून नेला तर ती तापते आणि आग लागू शकते. जाड तार आणि योग्य फ्यूज का हवा, हे या एका गणितातून कळते.

दुसरे गणित अँटेनाचे. ३०० ला मेगाहर्ट्‌झमधल्या वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्‌झला ती सुमारे ४२ मीटर येते. साध्या डायपोल अँटेनाची लांबी तिच्या निम्मी, म्हणजे २१ मीटर. प्रत्यक्षात तार सुमारे पाच टक्के आखूड ठेवतात, म्हणून २० मीटर. गच्ची मोजायला घ्या, हिशेब तयार आहे! मात्र विजेच्या तारांच्या जवळपास अँटेना कधीही बांधू नये. ही चूक जिवावर बेतते.

नियमांचा भाग अनेकांना रुक्ष वाटतो. धंद्याचे बोलणे नको, गाणी नकोत, सांकेतिक गुप्त भाषा नको. कारण सरळ आहे. लहरी सर्वांच्या सामाईक आहेत, गावच्या पाणवठ्यासारख्या. कोणी संकटाची हाक दिली, तर बाकीच्यांनी आपले बोलणे थांबवून आधी तिला वाट द्यायची. खरखरीत बी, डी, पी, टी ही अक्षरे सारखीच ऐकू येतात, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो म्हणायचे. बुडत्या होडीचे नाव चुकीचे ऐकू आले, तर मदत भलतीकडेच जाईल.

अभ्यासाची माझी रीत सोपी आहे. रोज अर्धा तास, एक नियम आणि एक गणित. प्रत्येक नियमापुढे ‘का?’ लिहायचे आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत मांडायचे. घरच्यांना ते समजले, तरच आपल्याला समजले असे धरायचे.

परीक्षेनंतर परवाना आणि स्वतःचे बोधचिन्ह मिळेपर्यंत प्रक्षेपणाचे बटण दाबायचे नाही. तोवर जवळपासच्या एखाद्या परवानाधारकाकडे बसून ऐकावे. नीट ऐकता येणे, हीच या छंदाची अर्धी विद्या आहे.