नायजरच्या काठाने आफ्रिका

शाळेत आफ्रिका कशी शिकवली गेली याचा आढावा संपादकांनी माझ्याकडून मागवला, तेव्हाच त्यांना ठाऊक असणार की मी शेवटी नायजरवर जाऊन बसणार. म्हणून बाकीचे आधी उरकून घेतो.

आमच्या लहानपणी खंड म्हणजे यादी. स्थान व विस्तार, सीमा, प्राकृतिक रचना, नद्या, हवामान, खनिजे आणि अगदी शेवटच्या पानावर ‘लोकजीवन’, म्हणजे एक पिग्मी, एक बुशमन, एक मसाई, चित्रांसह. पठाराला पालथी बशी म्हणायचे, नाईलची लांबी ६,६५० कि.मी. लिहायची, सहारा म्हणजे वाळू असे घोकायचे. (वाळूच्या टेकड्या सहाराच्या जेमतेम पाव भागात आहेत, उरलेला बहुतेक दगडगोट्यांचा. हे कुणी सांगितले नाही.) त्याच्या जोडीला हर्बर्टसनचे नैसर्गिक प्रदेश आले: विषुववृत्तीय, सव्हाना, उष्ण वाळवंटी, भूमध्य सागरी. ही पद्धत त्यातल्या त्यात बरी. कर्कवृत्त आणि मकरवृत्त दोन्ही ज्यातून जातात असे हे एकच खंड, त्यामुळे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना तेच पट्टे पुन्हा भेटतात आणि पोरांना ते चटकन उमगते. पण पट्ट्यात माणूस बसवला की तो हवामानाचा कैदी होऊन बसतो. पुढे दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यांचा काळ आला. त्याविषयी लिहावे असे काही नाही.

मर्केटरच्या नकाशाबद्दल मात्र दोन शब्द. १५६९ चा तो नकाशा दर्यावर्दींसाठी होता, वर्गाच्या भिंतीसाठी नव्हे. त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात. पृथ्वीगोल टेबलावर ठेवल्याशिवाय आफ्रिकेचा पहिला तास घेऊ नये.

आता नायजर. गिनीच्या डोंगराळ भागात, अटलांटिकपासून अवघ्या अडीचशे कि.मी.च्या आत ही नदी उगम पावते आणि समुद्राकडे पाठ करून ईशान्येला, थेट सहाराच्या रोखाने निघते. तिंबक्तूपाशी वाळवंटाच्या कडेला पूर्वेकडे वळते, मग आग्नेयेला, आणि सुमारे ४,१८० कि.मी. चालून नायजेरियात गिनीच्या आखाताला मिळते. निळ्या खडूने फळ्यावर ही कमान ओढली की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, ही उलटी का गेली?” त्या प्रश्नासाठी मी आयुष्यभर नाईल मागे ठेवून नायजर आधी शिकवली.

युरोपलाही हा प्रश्न पुष्कळ छळून गेला. मंगो पार्कने १७९६ मध्ये सेगूला ती पूर्वेकडे वाहताना पाहिली. मग ती जाते कुठे? कुणी म्हणे नाईलला मिळते, कुणी म्हणे कांगोला. पार्क १८०६ मध्ये बुसाच्या खडकाळ प्रवाहात मेला. मुखाचा उलगडा लँडर बंधूंनी १८३० मध्ये केला. मौज म्हणजे त्रिभुज प्रदेशाच्या खाड्यांत युरोपीय गलबते कित्येक पिढ्या व्यापार करत होती, फक्त हे सगळे फाटे त्याच नदीचे आहेत याचा त्यांना पत्ता नव्हता. ‘शोध’ हा शब्द वर्गात जपून वापरावा तो यासाठी. काठच्या लोकांची नदी कधी हरवलेली नव्हती.

खरा धडा मालीत आहे. गिनीत पाऊस पडतो जुलै ते सप्टेंबर. ते पाणी मालीच्या सपाट भागात उतरले की फाट्याफाट्यांनी पसरते, तळी भरते, रेंगाळते. जवळजवळ निम्मे तिथेच वाफ होऊन आणि जिरून जाते. उरलेला पूर तिंबक्तूच्या बाजूला पोचतो तो डिसेंबर-जानेवारीत, आकाशात ढगाचा ठिपका नसताना! या उशिरा येणाऱ्या पुरावर माणसांनी आपले वर्ष बेतले आहे. पाणी चढते तसा शेतकऱ्यांचा भात वाढतो. आफ्रिकेचा स्वतःचा भात याच परिसरात लागवडीखाली आला. बोझो मासेमार पाण्यामागे फिरतात. पाणी ओसरले की पाण्यात वाढलेले बुर्गू गवत उघडे पडते आणि फुलानी गुराखी आपली खिल्लारे घेऊन उतरतात. दियाफाराबे गावी गुरे पोहत नदी पार करतात, त्या दिवशी तिथे मोठा सण असतो. जमीन एकच, पण ऋतूप्रमाणे हक्कदार तीन. अलीकडच्या दुष्काळांनी आणि २०१२ पासूनच्या युद्धाने या वाटणीत रक्त सांडले आहे, तेही सांगायला हवे. पूर का लांबला हे समजल्याशिवाय गुराखी आणि शेतकरी का भांडतात हे समजत नाही.

‘आधी प्राकृतिक, मग मानवी’ असा हेका धरणाऱ्यांशी अभ्यासक्रमाच्या बैठकांत माझे कायम वाजले ते यावरूनच. एका विद्वानांनी तर नायजर परीक्षेला येत नाही म्हणून ती गाळावी असे सुचवले. त्यांच्या ताटातली भाकरी आफ्रिकेतून आली आहे याची त्यांना कल्पना नसावी. बाजरी सहाराच्या दक्षिण कडेवरची, ज्वारी सुदानकडची, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशातली. सोलापूरच्या किंवा कोकणातल्या मुलाला आफ्रिका परकी वाटावी असे काहीच नाही. खडकीला (पुढच्या औरंगाबादला) पाणी आणणारा मलिक अंबर इथिओपियाचा. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेचे. वसई-मुंबईतली गोरखचिंच तिकडचीच. मोसमी वारे एका हंगामात गलबते तिकडे नेत आणि दुसऱ्या हंगामात परत आणत. इतके धागे हातात असताना आपण मुलांना राजधान्या पाठ करायला लावल्या.

आता तेवढेही उरले नाही. दहावीला भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. ब्राझीलशी माझे वैर नाही, पण एका देशावरून अख्ख्या खंडाची जाण येत नाही. नकाशाभरण म्हणजे छापील नकाशात चिन्ह टाकणे एवढेच राहिले. पडद्यावर तयार नकाशा येतो, रंगतो आणि जातो; मुलाच्या हाताला नदीचे वळण कधी लागतच नाही.

शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. पुस्तकात असो वा नसो, वर्षातले दोन तास आफ्रिकेला द्या. पहिल्या तासाला कोऱ्या कागदावर प्रत्येकाकडून नायजर काढून घ्या आणि पूर कोणत्या महिन्यात कुठे पोचतो ते तिच्या काठाने लिहवून घ्या. राजधान्या दुसऱ्या तासाला, तेही वेळ उरला तर.