निवडणूक-उपहासपट

राजकीय निवडणुकांतील प्रचार, उमेदवारांची निवड, मतदारांचा अनुनय आणि मतदानाची प्रक्रिया यांतील विसंगती विनोदाच्या द्वारे उघड करणारा चित्रपटांचा एक प्रकार. सर्वसाधारण राजकीय चित्रपटात सत्ताधाऱ्यांमधील संघर्षाला प्राधान्य असते. या प्रकारात मात्र सत्ता मिळण्यापूर्वीचा, उमेदवार मतदारापुढे हात जोडून उभा असतो तो अल्पकाळ केंद्रस्थानी असतो. एरवी उपेक्षित असलेला मतदार तेवढ्यापुरता महत्त्वाचा ठरतो आणि एरवी दुर्लभ असलेला पुढारी सुलभ होतो. ही उलटापालट विनोदाला मुळातच पोषक आहे. मताची किंमत कोण ठरवितो आणि ती कोण चुकविते, हाच या चित्रपटांचा खरा विषय होय.

निवडणुकीचा उपहास चित्रपटापूर्वीच रूढ झाला होता. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७५४ च्या ऑक्सफर्डशर येथील निवडणुकीवरून चार चित्रांची मालिका रंगविली. तीत मेजवान्या, लाचलुचपत आणि दंगल यांचे दर्शन घडते. चार्ल्स डिकिन्झच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६–३७) या कादंबरीतील ईटनस्विल या काल्पनिक गावची निवडणूकही प्रसिद्ध आहे. चित्रपटात या विषयाला खरा बहर आला तो ध्वनीच्या आगमनानंतर. भाषणे, घोषणा आणि पोकळ आश्वासने हा निवडणुकीचा मुख्य ऐवज मूकपटाच्या आवाक्यात पुरेसा येत नव्हता. 'द फँटम प्रेसिडेंट' (१९३२) या अमेरिकन चित्रपटात अध्यक्षपदाचा एक नीरस उमेदवार आपल्यासारख्याच दिसणाऱ्या, औषधे विकत फिरणाऱ्या रंजनकाराला स्वतःऐवजी प्रचारासाठी उभा करतो. जॉर्ज एम्. कोहॅनने यात दुहेरी भूमिका केली. उमेदवार हा विकण्याचा माल आहे, ही कल्पना येथे प्रथमावस्थेत दिसते.

या प्रकाराला प्रौढ रूप देणारा दिग्दर्शक म्हणजे प्रेस्टन स्टर्जेस. त्याच्या 'द ग्रेट मॅकगिंटी' (१९४०) या चित्रपटाचा नायक एक भणंग माणूस आहे. दर मतामागे दोन डॉलर या दराने तो एकाच दिवशी निरनिराळ्या नावांनी सदतीस वेळा मतदान करतो. त्याचा हा उरक पाहून शहरातील राजकीय दादा त्याला हाताशी धरतो आणि पुढे तो महापौर व राज्यपाल होतो. आयुष्यभर अप्रामाणिक राहूनही त्याचे काही बिघडत नाही. पत्नीच्या प्रभावाने तो प्रामाणिकपणे वागू लागतो, तेव्हा मात्र त्याला देश सोडून पळावे लागते. या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर पारितोषिक मिळाले. स्टर्जेसच्याच 'हेल द काँकरिंग हीरो' (१९४४) मध्ये आजारामुळे सैन्यातून परत पाठविलेल्या तरुणाला गावकरी युद्धवीर समजतात आणि महापौरपदासाठी उभा करतात. येथे फसविणारा एकटा उमेदवार नसून फसवून घेण्यास उत्सुक असलेला समाजही विनोदाचा विषय होतो.

दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर उपहासाचा रोख बदलला. मत विकत घेण्याऐवजी प्रतिमा घडविण्याचे तंत्र त्याचे लक्ष्य झाले. मायकेल रिची दिग्दर्शित 'द कँडिडेट' (१९७२) मधील तरुण वकील आपण हरणारच या खात्रीने कॅलिफोर्नियातून सिनेटच्या निवडणुकीस उभा राहतो. त्यामुळे त्याला मनातले बोलण्याची मोकळीक मिळते. विजय दृष्टिपथात येतो तसतशी त्याची मते बोथट होत जातात आणि जिंकल्यावर पुढे काय करायचे, हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागते. त्याचा पटकथाकार जेरेमी लार्नर याने १९६८ मध्ये यूजीन मॅकार्थी यांच्यासाठी भाषणे लिहिली होती. बॅरी लेव्हिन्सनच्या 'वॅग द डॉग' (१९९७) मध्ये निवडणुकीच्या तोंडावर राष्ट्राध्यक्षाचे प्रकरण झाकण्यासाठी एक चित्रपटनिर्माता अल्बेनियाविरुद्धचे खोटे युद्ध पडद्यावर 'निर्माण' करतो. 'द कॅम्पेन' (२०१२) मध्ये धनाढ्य उद्योगपतींच्या पैशाचा प्रभाव ढोबळ विनोदातून दाखविला आहे. इटलीत सेर्जो कोर्बूच्चीच्या 'ल्यी ओनोरेव्होली' (१९६३) मध्ये तोतो या विख्यात विनोदी नटाने रंगविलेला उमेदवार घराच्या खिडकीतून कर्ण्याने शेजाऱ्यांकडे मते मागतो; पक्षातील भ्रष्टाचार उमगल्यावर मात्र भर सभेत आपल्याला मत देऊ नका, असे सांगतो.

भारतात १९६७ नंतर पक्षांतरांचा सुळसुळाट झाला. चो रामस्वामी यांचे तमिळ नाटक व त्यावरील चित्रपट 'मुहम्मद बिन तुघलक' (१९७१) यांना ही पार्श्वभूमी आहे. शेकडो वर्षांनी थडग्यातून जिवंत निघाल्याचा दावा करणारा तुघलक निवडणूक लढवून पंतप्रधान होतो आणि येऊन मिळणाऱ्यांना उपपंतप्रधानपदे वाटतो. अमृत नाहटा यांच्या 'किस्सा कुर्सी का' या हिंदी चित्रपटात मुक्या स्त्रीच्या रूपाने जनता दाखविली होती. १९७५ मध्ये परीक्षणासाठी सादर झालेल्या या चित्रपटाच्या प्रती आणीबाणीत नष्ट करण्यात आल्या; तो पुन्हा चित्रित होऊन १९७८ मध्ये प्रदर्शित झाला. उपहासाचे मोल सत्ताधारी किती गांभीर्याने जोखतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्रात राजा, प्रधान व कोतवाल यांची रेवडी उडविणारी तमाशातील वगाची परंपरा होती. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्याने ती समकालीन राजकारणाकडे वळविली. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९) हा राजकीय चित्रपट गंभीर प्रकृतीचा असला, तरी त्यांच्याच 'एक होता विदूषक' (१९९२) मध्ये हसविणारा कलावंत राजकारणात ओढला जाण्याची शोकांतिका आहे. लोकांना हसविण्याची कलाही मते मिळविण्याचे साधन होते, हे त्यातून दिसते.

एकविसाव्या शतकातील काही भारतीय चित्रपटांनी उमेदवारावरील लक्ष मतदारावर वळविले. अमित मसुरकर यांच्या 'न्यूटन' (२०१७) मधील कारकून दंडकारण्यातील ७६ मतदारांसाठी नियमाप्रमाणे मतदान घेण्याचा हट्ट धरतो. ज्यांना उमेदवारही ठाऊक नाहीत, त्यांच्या मताचा अर्थ काय, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. मडोन अश्विन यांच्या 'मंडेला' (२०२१) या तमिळ चित्रपटात गावाने अवमानित केलेल्या न्हाव्याला मतदार ओळखपत्रामुळे प्रथमच अधिकृत नाव मिळते. दोन गटांत मते समसमान असल्याने त्याचे एकच मत निर्णायक ठरते. आरंभी तो स्वतःसाठी लाभ घेतो, पण अखेरीस त्याच मताच्या बळावर गावासाठी सोयी मागतो.

सर्वच पुढारी सारखे, असे ठसविणारा उपहास मतदाराला उदासीन बनवितो, असा आक्षेप या चित्रपटांवर घेता येतो. सामान्य दर्जाच्या चित्रपटांबाबत तो खरा आहे. श्रेष्ठ चित्रपट मात्र मतदानाची नव्हे, तर मत स्वस्त करणाऱ्यांची थट्टा करतात, आणि त्यांत विकणाऱ्या मतदारालाही वगळीत नाहीत. मॅकगिंटीचे दोन डॉलरचे मत आणि न्हाव्याचे निर्णायक मत यांत आठ दशकांचे व दोन समाजांचे अंतर आहे. तथापि मताला किंमत असते म्हणूनच ते विकत घेण्याची धडपड होते, हे सत्य दोन्हींत समान आहे.