‘रागाच्या भरात’ नव्हे

१२ फेब्रुवारी २०१४ची संध्याकाळ. मेलबर्नजवळच्या टायब गावात क्रिकेटचा सराव आटोपला होता. ११ वर्षांच्या ल्यूकने आईला विचारलं, बाबांबरोबर अजून थोडा वेळ खेळू? आई, रोझी बॅटी, हो म्हणाल्या. मैदानावर लोक होते, आणि कोर्टाने बापाला भेटीची मुभा दिली होती ती अशाच चारचौघांतल्या जागी. तिथे नेटमध्येच त्याने ल्यूकला ठार मारलं.

अशा बातमीसाठी आपल्याकडेही ‘कौटुंबिक वादातून’, ‘रागाच्या भरात’ हे शब्द ठरलेले असतात. ऑस्ट्रेलियातली गेली वीस वर्षं पाहिली की ते किती खोटे आहेत हे कळतं. २००५मध्ये विंचेल्सीजवळ, फादर्स डेच्या संध्याकाळी मुलांना आईकडे सोडायला निघालेल्या बापाची गाडी शेततळ्यात गेली आणि तीन मुलगे बुडाले. खोकल्याची उबळ येऊन शुद्ध हरपली, असं त्याचं म्हणणं. पण मुलांच्या आईला जन्मभर आठवेल असं काही तो फादर्स डेलाच करणार होता, असं आपल्याशी बोलल्याची साक्ष त्याच्या मित्राने दिली. दोन वेगवेगळ्या ज्यूरींनी त्याला दोषी ठरवलं. २००९मध्ये मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलावरून ४ वर्षांच्या लेकीला खाली टाकणाऱ्या बापाने आधी तिच्या आईला फोन केला होता : मुलांचा निरोप घे. भान हरपलेला माणूस असा फोन करत नाही. जीव जातो मुलाचा, वार असतो आईवर.

आयाही मुलांना मारतात, हे खरंच आहे. नवजात बाळांच्या बाबतीत तर विशेष. पण त्यामागची कारणं बहुतांशी वेगळी असतात, आणि त्यांचा हवाला देऊन हा सूड झाकता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ल्यूकचा खून कुणालाही आधी ओळखता आला नसता, असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या खुद्द कॉरोनरनेच २०१५मध्ये म्हटलं. एका माणसाच्या मनातलं ओळखता येत नाही, मान्य. पण ल्यूकच्या बापाच्या नावावर वॉरंटं होती, धमक्यांच्या तक्रारी होत्या, आणि ही माहिती वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेली होती. ती एकत्र ठेवायला मन वाचता यावं लागत नाही.

वडिलांपासून मूल तोडू नये, हेही बहुतेक घरांत बरोबरच. ऑस्ट्रेलियातल्या २००६च्या कौटुंबिक कायद्याने मात्र आईवडिलांची समान जबाबदारी मुलाच्या हिताचीच, असं गृहीत धरलं. हिंसेचा अपवाद होता. पण आरोप जाणूनबुजून खोटा केल्याचं ठरलं तर कोर्टाचा खर्च अंगावर येण्याची तरतूदही होती, आणि आया तोंड उघडायला कचरत. ती तरतूद २०१२मध्ये गेली, गृहीतक राहिलं. २०२०मध्ये ब्रिस्बेनला एका बापाने बायको आणि तीन मुलांना गाडीत पेटवून दिलं. तेव्हाही, नवऱ्याला फार टोकाला नेलं गेलं असेल का, अशी शंका तपास अधिकाऱ्याने जाहीरपणे बोलून दाखवली. त्याला तपासावरून हटवण्यात आलं.

ते गृहीतक ६ मे २०२४पासून कायद्यातून गेलं. मुलाचं हित ठरवताना कोर्टाने पाहायच्या गोष्टींच्या यादीत आता पहिली आहे सुरक्षितता : मुलाची, आणि त्याला सांभाळणाऱ्याचीही.