ग्रीनला भोकं का पाडतात?

गोल्फच्या मैदानावर सगळ्यात जास्त जपली जाते ती होलभोवतालची हिरवळ, म्हणजे ग्रीन. तिथलं गवत जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर उंचीवर कापतात, म्हणजे चेंडू सरळ घरंगळावा. आणि वर्षातून एक-दोनदा याच ग्रीनवर मैदानाचेच कर्मचारी यंत्र फिरवून हजारो भोकं पाडतात. खेळायला आलेल्या माणसाला राग येणं स्वाभाविक आहे. पण या कामाविषयी जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

‘ग्रीन हिरवीगार आहे, मग उकरायची कशाला?’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. ग्रीनची तब्येत वरून कळत नाही. होलची जागा बदलताना १०८ मिलिमीटर रुंदीचा मातीचा गोल तुकडा काढला जातो, तो कधीतरी बाजूने पाहावा. वर पात्यांची पातळ हिरवी कड. तिच्याखाली तपकिरी, दाबला की पाणी सुटणारा थर: जुनी खोडं, मुळं आणि अर्धवट कुजलेल्या काड्या यांचा. याला थॅच म्हणतात. थोडा थॅच हवाच, चेंडूचा मार तो झेलतो. पण सेंटिमीटरभराच्या वर जाड झाला की पाणी वरच अडतं, मुळं त्यातच घुटमळतात आणि बुरशीचं फावतं. खालच्या वाळूला हवा मिळेनाशी झाली की तिथे काळा थर धरतो आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. खतपाणी वेळेवर मिळत असल्याने वरचं गवत तोवर हिरवं दिसतही असेल, पण मुळं उथळ राहिलेली असतात. कडक ऊन पडलं की हेच गवत आधी मान टाकतं.

वाफसा नसेल तर पीक पिवळं पडतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ग्रीनवर तर रोज माणसांची पावलं आणि कापणीयंत्राची चाकं त्याच त्या जागेवरून जातात.

‘आमच्या ग्रीन्स वाळूच्या आहेत, त्या घट्ट होत नाहीत’ हे अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, यूएसजीएने, १९६० साली ग्रीन बांधण्याच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. निचऱ्याचे पाइप, त्यांवर खडीचा सुमारे १० सेंटिमीटरचा थर आणि वर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण, अशी ती रचना. चिकणमाती दबते तशी ही वाळू दबत नाही, हे खरं. पण गवत रोज वाढतं, रोज काही मरतं आणि त्याचा कुजका अंश वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या वरून बुजवत जातो. म्हणून उत्तम बांधलेल्या ग्रीनचीही यातून सुटका नाही.

काहींना वाटतं, खिळ्यांच्या बुटांनी फिरलं की झालं. बुटाचे खिळे जेमतेम वरचा थर टोचतात आणि माणसाच्या वजनाने जमीन उलट दबते. भरीव दात्यांचं यंत्र बरंच खोल जातं, त्याने हवा आणि पाणी आत शिरतं, पण थॅच तिथेच राहतो. तो बाहेर काढायचा तर पोकळ दाते लागतात. ते साधारण ७ ते १० सेंटिमीटर खोल जाऊन मातीच्या कांड्या उपसून वर टाकतात.

‘अख्खी ग्रीन उद्ध्वस्त केली’ या तक्रारीचं उत्तर साध्या गणितात आहे. १२ मिलिमीटर व्यासाची भोकं पाच-पाच सेंटिमीटरवर पाडली, तर एका चौरस मीटरमध्ये ४०० भोकं होतात. डोळ्यांना ती चाळण दिसते, पण पृष्ठभाग निघतो तो फक्त साडेचार टक्के. एकदा करून का भागत नाही, तेही यावरून कळावं.

भोकं पाडल्यानंतर पसरतात ती वाळू केवळ सपाटीसाठी नसते. कोरडी वाळू झाडून भोकात शिरवली की मुळांना खाली जायला वाट राहते. ती वाळू खालच्या वाळूच्याच जाडीची हवी. वेगळ्या जाडीची असली तर पाणी थरांच्या सीमेवर अडतं. हे काम घाईचं नाही, भोकं काठोकाठ भरेपर्यंत करायचं असतं.

राहिला हंगामाचा प्रश्न. ‘खेळ ऐन रंगात असताना का? गवत झोपलेलं असताना करा की!’ हा सल्ला सर्वांत घातक. जखम भरायला गवत वाढत असावं लागतं. थंड प्रदेशातलं बेंटग्रास वसंतात आणि शरदात जोमात असतं, म्हणून तिथे तेव्हाच करतात. उष्ण प्रदेशात ग्रीनवर बहुधा बर्म्युडा गवत असतं. गणपतीला वाहतो ती दूर्वा, बांधावरची हरळी, तीच ही जात. टिफड्वार्फसारखे ग्रीनसाठीचे वाण हरळीच्या आफ्रिकी भाऊबंदाशी झालेल्या संकरातून आले आहेत. हरळीला ऊब लागते, त्यामुळे थंडीत पाडलेली भोकं उघडीच राहतात. वाढीच्या दिवसांत ती साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. मातीच्या ग्रीनवर चिखल असताना मात्र यंत्र घालू नये, भोकांच्या भिंती लिंपल्या जातात.

हे वेळापत्रक गवत ठरवतं, पण स्पर्धांच्या आणि सदस्यांच्या आग्रहापुढे तेच आधी वाकवलं जातं, आणि नंतर ग्रीन जळाली की बोल लागतो मैदानाच्या कर्मचाऱ्यांना. हे अन्यायाचं आहे. तेव्हा क्लबच्या फलकावर ग्रीनच्या कामाची तारीख लागली, तर ती पुढे ढकलायला सांगू नका.